विली ब्रांट : चान्सलर साडेचार वर्षं, पक्षाध्यक्ष २३ वर्षं

गेल्या अंकात विली ब्रांट यांचा एका पानाचा परिचय छापला होता. पश्चिम जर्मनीतल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे एसपीडीचे, १९६४ ते १९८७ अध्यक्ष. १९५७ ते १९६६ पश्चिम बर्लिनचे महापौर. १९६९ ते १९७४ चान्सलर, म्हणजे तिथले पंतप्रधान. आणि १९७१ च्या शांततेच्या नोबेलचे मानकरी. एका पानात एवढंच बसलं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून त्यावर आलेली पत्रं मात्र चार-चार पानांची होती, आणि बोट ठेवून विचारणारी होती. त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. वॉर्सात गुडघे टेकलेल्या ब्रांट यांचा फोटो पुष्कळांनी पाहिलेला असतो. मतं मोजणारे, परवाने मिळवणारे आणि पक्षातली भांडणं सोसणारे ब्रांट फार कमी जणांना ठाऊक असतात. आमचा भर त्यांच्यावर आहे.

‘विली ब्रांट’ हे टोपणनाव होतं, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. आमच्या भागात प्रतिसरकारच्या काळात भूमिगत कार्यकर्ते दुसऱ्या नावानं वावरायचे. दिवस पालटल्यावर आपल्या मूळ नावावर यायचे. ब्रांट का आले नाहीत? आणि उच्चार ब्रँड की ब्रांट? – एक निवृत्त मुख्याध्यापक, आष्टा

उच्चाराचं आधी सांगतो. जर्मन भाषेत शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘ड’चा उच्चार ‘ट’ होतो, म्हणून ब्रांट. मराठीत ब्रँड, ब्रँट अशी रूपं छापली जातात, ती इंग्रजी वळणानं आली आहेत.

जन्मनाव हर्बर्ट फ्राम. जन्म १८ डिसेंबर १९१३ चा, ल्यूबेक या बंदराच्या गावी. आई मार्था सहकारी भांडारात विक्रीचं काम करायची, तिचं लग्न झालेलं नव्हतं. मुलगा वाढला लुडविग फ्राम या आजोबांच्या घरी आणि एसपीडीच्या बाळकडूवर. शाळेत असल्यापासून तो तिथल्या पक्षाच्या दैनिकात लिहायचा. १९३१ मध्ये एसपीडी मवाळ वाटली म्हणून तो एसएपी या छोट्या डाव्या पक्षात गेला. हिटलर सत्तेवर आल्यावर, मार्च १९३३ मध्ये, एका गुप्त बैठकीला जाताना त्यानं ‘विली ब्रांट’ हे नाव घेतलं आणि एप्रिलमध्ये मासेमारीच्या बोटीतून डेन्मार्क गाठून पुढे ऑस्लोला गेला. वय तेव्हा १९.

नाव बदलण्याचा प्रकार एवढ्यावर थांबला नाही. १९३६ मध्ये ‘गुन्नार गोसलांड’ हा नॉर्वेजियन विद्यार्थी बनून ते काही महिने बर्लिनमध्ये भूमिगत काम करत होते. १९३८ मध्ये नाझी सरकारनं त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या तेव्हा ब्रांट नॉर्वेच्या सैनिकी गणवेशात पकडले गेले. ओळख पटली नाही म्हणून सुटले आणि स्वीडनला निसटले. त्याच वर्षी नॉर्वेनं त्यांना नागरिकत्व दिलं. युद्धानंतर ते परतले ते स्कँडिनेव्हियन वर्तमानपत्रांचे बातमीदार म्हणून, न्यूरेंबर्गच्या खटल्यांचं वार्तांकन करायला. १९४८ मध्ये पुन्हा जर्मन नागरिक झाले आणि १९४९ मध्ये ‘विली ब्रांट’ हे नाव कायद्यानं त्यांचं झालं.

आता तुमचा ‘का’. भूमिगत कार्यकर्त्याचं टोपणनाव दोन-चार वर्षांचं असतं आणि गाव त्याला मूळ नावानंच ओळखत असतं. इथे वयाच्या १९ पासून ३५ पर्यंतचं सगळं लेखन, सगळे सोबती, सगळी पत्रं ब्रांट या नावाची होती. हर्बर्ट फ्राम हा ल्यूबेकचा शाळकरी मुलगा तेवढा होता. त्याची किंमत मात्र जबर मोजावी लागली. १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनच्या मधोमध पूर्व जर्मनीच्या काटेरी तारा पडल्या, आणि दुसऱ्याच दिवशी चान्सलर आडेनाउअर यांनी रेगेन्सबुर्गच्या प्रचारसभेत त्यांचा उल्लेख ‘ब्रांट उर्फ फ्राम’ असा केला. ‘उर्फ’ हा पोलिसी शब्द. त्यात अनौरस जन्म आणि परदेशातला आसरा असे दोन्ही टोमणे भरलेले होते. शहराचे दोन तुकडे होत असताना त्या शहराच्या महापौराला असं बोलणं आम्हाला आजही क्षुद्र वाटतं. बर्लिनमध्ये झेलेनडॉर्फच्या स्मशानभूमीत त्यांच्या थडग्याच्या दगडावर ‘विली ब्रांट’ एवढंच कोरलेलं आहे.

२७ एप्रिल १९७२ ला ब्रांट यांच्याविरुद्धच्या ठरावाला २४७ मतं मिळाली, विरोधात फक्त १० पडली, तरी ठराव नापास! हे गणित काही केल्या सुटत नाही. आपल्याकडे १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मतानं गेलं. मग इथे २४७ जणांना ‘नको’ असलेला माणूस खुर्चीवर कसा राहिला? – विधी शाखेचा विद्यार्थी, कराड

तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला. वही-पेन घेऊन बसा.

वाजपेयींचा प्रसंग आधी बाजूला करू. १७ एप्रिल १९९९ ला मांडला गेला तो विश्वासदर्शक ठराव. बाजूनं २६९, विरुद्ध २७०. सरकार पडलं, दुसरं कुणाला बनवता आलं नाही, लोकसभा बरखास्त झाली. विरुद्ध मत देणाऱ्या २७० जणांचं ‘हे नकोत’ यावर एकमत होतं, ‘मग कोण हवं’ यावर नव्हतं.

नेमका हाच घोळ जर्मनांनी १९३३ पूर्वी वारंवार भोगला होता. नाझी आणि कम्युनिस्ट एकमेकांचे वैरी, पण सरकार पाडायला दोघांचे हात एकदम वर जायचे. म्हणून १९४९ च्या राज्यघटनेत ६७ वं कलम आलं : चान्सलरला काढायचं असेल तर त्याच ठरावात नव्या चान्सलरचं नाव द्या आणि त्याला निवडून आणा. ठराव मांडणं आणि मतदान यांच्यात ४८ तास गेले पाहिजेत. मतदान गुप्त. आणि मुख्य अट म्हणजे हजर सदस्यांचं बहुमत चालत नाही, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. पूर्ण मताधिकाराचे सदस्य ४९६. निम्मे २४८, अधिक एक म्हणजे २४९. विरोधी पक्षाचे उमेदवार रायनर बार्त्सेल यांना मिळाली २४७. दोन कमी पडली. विरोधातली १० आणि तटस्थ ३ हे आकडे या हिशेबात येतच नाहीत. ४९६ पैकी २४९ ‘हो’ आले का, एवढाच प्रश्न होता.

आता विरोधात १० च का? सत्ताधारी २४० च्या आसपास असताना उरलेले कुठे गेले? ते आपापल्या जागेवर बसून होते. मतपत्रिका घ्यायला उठलेच नाहीत. ठराव पाडायला ‘नाही’ म्हणायची गरजच नव्हती. आणि मतदान गुप्त असलं तरी उठून मतपेटीकडे गेलं कोण हे सगळ्यांना दिसत होतं. आपल्यातला कुणी फुटलेला असेल तर त्याला पडद्याआड लपायची सोय राहू नये, म्हणून नेत्यांनी आखलेला हा डाव होता.

मुळात ही वेळ का आली, ते १९६९ च्या आकड्यांत आहे. निवडणुकीत सीडीयू आणि सीएसयू या उजवीकडे झुकणाऱ्या भगिनी पक्षांना मिळून २४२ जागा, एसपीडीला २२४, उदारमतवादी एफडीपीला ३०. सगळ्यात मोठा गट विरोधात बसला, कारण ब्रांट यांनी निकालाच्याच रात्री एफडीपीच्या वाल्टर शेल यांच्याशी बोलणी पक्की केली. २२४ अधिक ३० म्हणजे २५४, गरजेपेक्षा पाच जास्त. अतिउजव्या एनपीडीला ४.३ टक्के मतं पडली होती. ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली असती तर तो पक्ष सभागृहात आला असता आणि हे बहुमत जुळलंच नसतं. २१ ऑक्टोबरला चान्सलरपदासाठी मतदान झालं तेव्हा ब्रांट यांना २५४ ऐवजी २५१ पडली. पहिल्याच दिवशी तीन गळाले होते.

पुढे गळती वाढत गेली. युद्धानंतरच्या सीमा मान्य करत ब्रांट यांनी मॉस्को आणि वॉर्सा इथे केलेल्या करारांवरून नाराज झालेले एफडीपीचे माजी अध्यक्ष एरिश मेंडे १९७० मध्येच पलीकडे गेले, एसपीडीचे हर्बर्ट हुप्का १९७२ च्या सुरुवातीला गेले, आणखीही गेले. जर्मनीत पक्षांतरबंदीचा कायदा नाही. ३८ व्या कलमानुसार खासदार आपल्या सदसद्विवेकबुद्धीलाच बांधील असतो, पक्ष सोडला तरी जागा जात नाही. आपल्याकडे १९८५ पासून दहाव्या परिशिष्टानं जे घडू शकत नाही, ते तिथे खुलेआम घडत होतं.

बार्त्सेल यांच्या हिशेबात २४९ जुळत होते, पण त्यांच्याच बाजूचे काहीजण फुटले. ज्यूलियस स्टायनर या सीडीयूच्या सदस्यानं १९७३ मध्ये ५०,००० मार्क घेतल्याचं कबूल केलं. तो पैसा आपल्या खात्यानं दिला होता, असं पूर्व जर्मनीच्या हेरखात्याचे प्रमुख मार्कुस वोल्फ यांनी पुढे सांगितलं. ब्रांट यांच्या चाहत्यांना हे वाचायला कडू लागतं, पण लपवण्यासारखं नाही. पूर्व जर्मनीला हे करार हवे होते.

तुमच्या परीक्षेच्या दृष्टीनं आणखी एक मुद्दा. ६७ वं कलम चान्सलरला वाचवतं, त्याच्या विधेयकांना वाचवत नाही. दुसऱ्याच दिवशी, २८ एप्रिलला, चान्सलर कार्यालयाच्या खर्चाची मागणी मतदानाला आली; २४७ विरुद्ध २४७, म्हणजे नामंजूर. सरकार पडत नाही आणि चालतही नाही अशी अवस्था. जर्मन संसद स्वतःला बरखास्त करू शकत नाही, म्हणून ब्रांट यांनी ६८ व्या कलमाखाली विश्वासमत मागितलं आणि ते मुद्दाम हरले. २२ सप्टेंबरला मंत्री मतदानापासून दूर राहिले. बाजूनं २३३, विरुद्ध २४८. राष्ट्रपती हाइनेमान यांनी त्याच दिवशी संसद बरखास्त केली. १९ नोव्हेंबरच्या निवडणुकीत ९१.१ टक्के मतदान झालं आणि ४५.८ टक्के मतं घेऊन एसपीडी त्या प्रजासत्ताकात प्रथमच सगळ्यात मोठा पक्ष ठरली. उत्तरपत्रिकेत ‘ब्रांट अविश्वास ठरावात वाचले’ एवढंच लिहून थांबू नका. ठरावानंतरचे सात महिने लिहा.

आठवीच्या वर्गात हे करून दाखवायचं आहे. अभिरूप संसद आम्ही दरवर्षी घेतो, पण त्यात नुसती भाषणं होतात. – एक शिक्षिका, कोरेगाव

बाई, तीन तासिका पुरतील. ३१ मुलं घ्या. विषम संख्या सोयीची पडते. बहुमत १६. गट ‘अ’मध्ये १३, ‘ब’मध्ये १४, ‘क’मध्ये ४. अ आणि क यांचं मिळून १७ चं सरकार.

पहिल्या तासिकेत चान्सलर निवडा. जर्मनीत ही निवड चर्चेशिवाय होते, तेव्हा भाषणं नकोत. सगळ्यांना सारख्या मापाच्या चिठ्ठ्या आणि एकाच रंगाचं पेन द्या. आपापल्या पेनानं लिहू दिलं तर शाईवरून मत ओळखू येतं आणि खेळ तिथेच बिघडतो.

मग ‘क’मधल्या दोघांना ‘ब’कडे जाऊ द्या. आता १५ विरुद्ध १६. ‘ब’नं ठराव लेखी द्यायचा आणि त्यात नव्या चान्सलरचं नाव घालायचं. नाव नसेल तर ठराव परत करा. मुलं हमखास विसरतात, आणि परत आल्यावर नावावरून त्यांच्यात जी वादावादी होते तीच शिकण्यासारखी असते. ठराव सोमवारी आला तर मतदान बुधवारी, त्याच वेळेला किंवा नंतर. मधले ४८ तास कमी करू नका. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना फोडायला लागतात, ते होऊ द्या.

बुधवारी ‘ब’मधल्या एका मुलाला आधी कानात सांगून ठेवा की कोरी चिठ्ठी टाक. सरकारच्या बाजूचे बसून राहतील. मोजणीत १५ निघतील आणि वर्गात गलका होईल : “बाई, विरोधात एकही नाही, मग आम्ही जिंकलो!” तेव्हा फळ्यावर ३१ लिहा, त्याखाली १६ लिहा आणि काही बोलू नका. मुलं स्वतः सांगतील. इथे शिक्षकांकडूनच चूक होते. सवयीनं ‘हजर असलेल्यांचं बहुमत’ मोजलं जातं.

तिसऱ्या तासिकेत स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा साधा प्रस्ताव आणा, त्याला साधं बहुमत पुरे. समसमान पडला तर नामंजूर. चान्सलर तोच आणि पैसा मात्र नाही, हे मुलांना तेव्हा कळतं.

गुडघे टेकणं आधी ठरलं होतं का? – वाई

नाही. ७ डिसेंबर १९७०, वॉर्सा. पोलंडची ओडर-नायसे ही पश्चिम सीमा मान्य करणाऱ्या करारावर त्याच दिवशी सह्या व्हायच्या होत्या. त्याआधी ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकापाशी पुष्पचक्र वाहायचं होतं. ब्रांट यांनी चक्राची फीत नीट केली, मागे सरले आणि ओल्या फरशीवर दोन्ही गुडघ्यांवर बसले. अर्धा मिनिट. सोबतच्या लोकांनाही कल्पना नव्हती. नाझींशी लढलेला, त्यांच्यामुळे देश सुटलेला माणूस त्यांच्या पापाबद्दल खाली बसला, हे लक्षात घेतलं तर त्या अर्ध्या मिनिटाचं वजन कळतं. त्या वेळी ‘श्पीगेल’ साप्ताहिकानं घेतलेल्या पाहणीत ४८ टक्के पश्चिम जर्मनांना हे अतिरेकी वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य. तेव्हा देश त्यांच्या मागे एकमुखानं उभा नव्हता.

भिंत उभी राहिल्यावर महापौरानं निषेधाची भाषणं केली, हे वाचलं. पण हाताला लागेल असं काही केलं का? – एक वाचक, मिरज

केलं, आणि आमच्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं मूळ तिथे आहे. ऑगस्ट १९६१ पासून पश्चिम बर्लिनच्या माणसाला पूर्व बर्लिनमध्ये पाऊल टाकता येत नव्हतं. आई एका गल्लीत, मुलगी पलीकडच्या, आणि सव्वादोन वर्षं भेट नाही. कृष्णेच्या पुलावर भिंत घातली आणि सांगलीवाडीच्या माणसाला सांगलीत यायला बंदी केली, अशी कल्पना करून बघा.

वाशिंग्टन आणि मॉस्को हा गुंता सोडवत नव्हते. ब्रांट आणि त्यांचे सल्लागार एगोन बार यांनी ठरवलं की भिंत पडत नसेल तर निदान तिला फटी पाडू. अडचण अशी की पश्चिमेनं पूर्व जर्मनीला देश म्हणून मान्यताच दिलेली नव्हती. मग करार करायचा कुणाशी आणि सही कुठल्या पदनामानं? १७ डिसेंबर १९६३ च्या परवाना करारात यावर काढलेला तोडगा आम्हाला फार आवडतो. ठिकाण, शासन आणि पदांची सर्वमान्य नावं काय असावीत यावर दोन्ही बाजूंचं एकमत होऊ शकलं नाही, असं सरळ त्या कागदातच लिहिलं आणि खाली सह्या केल्या. भांडण मिटलं नाही, पण काम अडलं नाही.

१९ डिसेंबर १९६३ ते ५ जानेवारी १९६४ एवढीच मुदत. फक्त पश्चिम बर्लिनचे रहिवासी, तेही पलीकडे नातेवाईक असणारे. पश्चिम बर्लिनमधल्या शाळांच्या व्यायामशाळांत टेबलं मांडली. पलीकडे बसले पूर्व जर्मनीच्या टपालखात्याचे कर्मचारी, कारण पोलीस किंवा सरकारी अधिकारी बसवले असते तर तीच मान्यता ठरली असती. अर्ज भरायचा, परवाना घ्यायला पुन्हा रांगेत उभं राहायचं, ठरलेल्या नाक्यावरून जायचं आणि मध्यरात्रीपर्यंत परत यायचं. कडाक्याच्या थंडीत लोक तासन्‌तास उभे राहिले. त्या १८ दिवसांत सुमारे १२ लाख भेटी झाल्या. १९६६ पर्यंत असे आणखी करार झाले, मग पूर्वेनं दार लावलं. ते कायमचं उघडायला १९७१ चा चार महासत्तांचा बर्लिन करार यावा लागला, आणि तेव्हा ब्रांट चान्सलर होते.

चान्सलरच्या कार्यालयात हेर शिरतो आणि कळत नाही? पडताळणी करत नव्हते काय? – विटा

करत होते, तिथेच तर हळहळ वाटते. ग्युंटर गियोम १९५६ मध्ये बायकोसह निर्वासित म्हणून पश्चिमेत आला. फ्रँकफुर्टला दुकान, १९५७ मध्ये एसपीडीचा सदस्य, मग वर्षानुवर्षं बैठका भरवणं, पत्रकं वाटणं, निवडणुकीत राबणं. कष्टाळू कार्यकर्ता पक्षात वर सरकतो, तसा तो सरकला. १९७० मध्ये चान्सलर कार्यालयात आला. त्या वेळी जुन्या संशयाची एक नोंद पुढे आली होती, पण ठोस काही नाही म्हणून बाजूला पडली. १९७२ मध्ये तो ब्रांट यांच्या पक्षकामाचा सहायक झाला.

पकडला गेला तो शुभेच्छांमुळे. पूर्व जर्मनीचं हेरखातं १९५० च्या दशकात आपल्या माणसांना रेडिओवरून सांकेतिक निरोप पाठवायचं आणि त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छाही असायच्या. पश्चिमेच्या तपासखात्यानं हे निरोप उलगडून जपून ठेवले होते. त्यातले दोन वाढदिवस आणि ‘दुसऱ्या पुरुषा’च्या आगमनाचं अभिनंदन गियोम, त्याची बायको आणि मुलाचा जन्म यांच्याशी जुळले. हे मे १९७३ मध्ये लक्षात आलं. मग मोठी चूक झाली. पुरावा गोळा होईपर्यंत त्याला होता तिथेच ठेवा, असा सल्ला ब्रांट यांना मिळाला आणि त्यांनी तो मानला. त्या जुलैत नॉर्वेतल्या सुट्टीवर गियोम सोबत होता आणि गोपनीय तारा त्याच्या हातून जात होत्या. चान्सलरला सापळ्यातलं आमिष केलं गेलं. २४ एप्रिल १९७४ ला अटक झाली तेव्हा आपण पूर्व जर्मन सैन्याचे अधिकारी आहोत हे त्यानं स्वतःच सांगून टाकलं. ६ मे रोजी ब्रांट यांनी राजीनामा लिहिला.

एकट्या हेरामुळे ते गेले, असं मात्र समजू नका. १९७३ चं तेलसंकट, नोव्हेंबर-डिसेंबरमधले मोटारबंदीचे चार रविवार, १९७४ च्या सुरुवातीला सरकारी कामगारांचा संप आणि त्यांना द्यावी लागलेली ११ टक्क्यांची वाढ, पक्षातल्या हर्बर्ट वेनर यांनी मॉस्कोत जाऊन केलेली जाहीर टीका. माणूस थकला होता. पुढे वोल्फ यांनीही मान्य केलं की ब्रांट यांचं पडणं त्यांच्या खात्याला नको होतं.

चान्सलरपद सोडलं, पण अध्यक्षपद पुढे १३ वर्षं सोडलं नाही. आमच्याकडे तालुक्यातसुद्धा पद गेलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. तिथे हे कसं चालतं? – एका पक्षाचा कार्यकर्ता, फलटण

कारण तिथे दोन पदांची मुळं वेगवेगळी आहेत. चान्सलरला संसद निवडते, अध्यक्षाला पक्षाचं अधिवेशन. गावपातळीच्या शाखेत सदस्य वर्गणी भरतात आणि प्रतिनिधी निवडतात; पुढच्या पातळीवरून हे प्रतिनिधी राष्ट्रीय अधिवेशनात पोचतात आणि गुप्त मतदानानं अध्यक्ष ठरवतात. १९६७ च्या पक्ष कायद्यानुसार निदान दर दुसऱ्या कॅलेंडर वर्षी कार्यकारिणीची निवडणूक व्हायलाच हवी. म्हणजे ब्रांट यांना या काळात पुन्हापुन्हा सदस्यांसमोर जावं लागलं.

आणि सदस्यांना ते का हवे होते? १९६८ च्या आंदोलनातली तरुण पोरं त्यांनी पक्षात घेतली. मतदानाचं वय २१ वरून १८ त्यांच्याच काळात, १९७० मध्ये आलं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पक्षाची सदस्यसंख्या १० लाखांच्या वर गेली. त्यांच्यानंतर चान्सलर झालेले हेल्मुट श्मिट कारभारात तरबेज होते, पण पक्ष त्यांच्या हातात नव्हता. अमेरिकी क्षेपणास्त्रं पश्चिम जर्मनीत ठेवू द्यायची की नाही, या प्रश्नावर ते दिसलं. श्मिट बाजूनं होते. २२ ऑक्टोबर १९८३ ला बॉनमध्ये क्षेपणास्त्रांविरुद्ध लाखोंची सभा भरली तेव्हा व्यासपीठावरून बोलले पक्षाध्यक्ष ब्रांट. ब्रांट यांनी पक्ष एकत्र ठेवला, पण चान्सलरच्या पाठीशी तो पूर्ण उभा केला नाही, ही श्मिट यांच्या बाजूच्यांची तक्रार आम्हाला निराधार वाटत नाही.

शेवट एका नेमणुकीवरून झाला. १९८७ मध्ये पक्षाच्या प्रवक्त्या म्हणून त्यांनी मार्गारिटा माथियोपूलोस यांचं नाव पुढे केलं. त्या पक्षाच्या सदस्य नव्हत्या. शाखा-शाखांतून विरोध उठला आणि २३ मार्चला त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं पत्रकं वाटणाऱ्या कार्यकर्त्याला डावलल्यासारखं वाटतं, हे त्यांच्याइतक्या मुरलेल्या माणसाच्याही ध्यानातून निसटलं.

तुमचा लेख आरतीसारखा वाटला. या माणसाचं काही चुकलंच नाही का? – सातारा

चुकलं. २८ जानेवारी १९७२ ला ब्रांट आणि राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी मिळून ठरवलं की घटनाविरोधी संघटनांतल्या लोकांना सरकारी नोकरीत घ्यायचं नाही. तेव्हा पश्चिम जर्मनीत शिक्षक, पोस्टमन, रेल्वेचे चालक हे सगळे सरकारी नोकर होते, त्यामुळे सुमारे ३५ लाख उमेदवारांची चौकशी झाली आणि नाकारले गेले ते बहुतांशी डावे तरुण. ‘अधिक लोकशाहीचं धाडस करू’ असं १९६९ च्या पहिल्या निवेदनात म्हणणाऱ्या सरकारनं हे केलं. ब्रांट यांनी पुढे ही चूक होती असं स्वतः सांगितलं. परिचयात हे यायला हवं होतं, पत्राबद्दल आभार.

हळद, बेदाणा पिकवणाऱ्यानं हे सगळं का वाचावं? – तासगाव

१९७७ मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष मॅकनमारा यांच्या सूचनेवरून ब्रांट यांनी श्रीमंत आणि गरीब देशांतल्या दरीचा अभ्यास करणारा स्वतंत्र आयोग नेमला. त्यात भारताचे लक्ष्मीकांत झा होते, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. १९८० च्या अहवालात शेतमाल आणि खनिजांचे भाव जागतिक बाजारात हेलकावतात, ते स्थिर ठेवायची यंत्रणा हवी, आणि कच्च्या मालावरची प्रक्रिया जिथे माल पिकतो तिथेच व्हावी, असं सांगितलं होतं. श्रीमंत देशांनी १९८५ पर्यंत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, हीही मागणी होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये मेक्सिकोतल्या कानकून इथे २२ देशांचे नेते यावर बोलायला जमले, इंदिरा गांधीही गेल्या होत्या, पण हाती फारसं लागलं नाही. बाजार आपोआप सगळं करेल यावर अमेरिकेचे रेगन ठाम होते. सांगलीच्या बाजारात हळद कच्ची विकायची की पावडर करून, हा तुमचा रोजचा प्रश्न त्या अहवालात जगाच्या मापानं मांडलेला आहे.

भिंत पडली तेव्हा ब्रांट हयात होते का? – इयत्ता दहावी, वाळवा

होते, ७५ वर्षांचे. १० नोव्हेंबर १९८९ ला, म्हणजे भिंत उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते बर्लिनच्या शोनेबेर्ग नगरभवनासमोर बोलले. हे त्यांचं महापौर असतानाचं कार्यालय. जे एकमेकांचं आहे ते आता एकत्र वाढतंय, अशा आशयाचं त्यांचं वाक्य त्याच दिवसाच्या मुलाखतींतलं आहे. जून १९९१ मध्ये संसद बॉनहून बर्लिनला न्यायची की नाही यावर मतदान झालं. ब्रांट बर्लिनच्या बाजूनं होते, आणि बर्लिनला ३३८ विरुद्ध ३२० असा कौल मिळाला. ८ ऑक्टोबर १९९२ ला ऱ्हाइनकाठच्या उंकेल या गावी त्यांचं निधन झालं.